आधी ज्योत, मग पाना: पूर्व भागातील गॅस शेगडी दुरुस्तीच्या एका दुकानाचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी, आमचे कडक भाकरीचे घरगुती काम गेली अकरा वर्षे चालू आहे. सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी अशा चौघीजणी पहाटे साडेचारला पहिला तवा चढवतो. भाकरी थापून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी थेट ज्योतीवर धरून फुगवायची. त्यानंतर ती मंद आचेवर वाळवून कडक केली जाते. म्हणजे आमच्या कामात ज्योत आणि अन्न यांच्यामध्ये भांडे नसते. साध्या स्वयंपाकघरात ज्योत बिघडली तर काजळी पातेल्याच्या बुडाला बसते आणि घासून निघते; आमच्याकडे ती भाकरीच्या पापुद्र्यावर बसते आणि ती भाकरी बाजूला टाकावी लागते. म्हणून गॅसच्या दुरुस्तीकडे आम्ही जितक्या बारकाईने पाहतो, तितके पाहण्याची वेळ इतरांवर सहसा येत नसावी. ज्या दुकानाविषयी हे लिहीत आहे, त्याला फलक नाही आणि चालवणाऱ्या गृहस्थांना आपले नाव कुठे छापून आलेले आवडत नाही, त्यामुळे मीही त्यांना येथे मामा एवढेच म्हणेन. आमच्या भागात सगळे त्यांना तसेच हाक मारतात.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या मोठ्या शेगडीच्या ज्योतीला पिवळे शेंडे दिसू लागले. सुरुवातीला आम्ही सिलिंडरला दोष दिला आणि बदलून पाहिला. फरक पडला नाही, तेव्हा शेगडी बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. त्यांचा माणूस आला, बर्नर उचलून पाहिला, आणि शेगडी एकदाही न पेटवता दोन्ही बर्नर व जेट (बारीक भोकाच्या, गॅस सोडणाऱ्या तोट्या) बदलावे लागतील असे सांगून त्याने त्याच दिवशी ते बदलले. बिल अठराशे रुपयांच्या वर गेले. चार दिवस बरे चालले असे वाटले, पण नंतर ज्योत पूर्वीपेक्षा उंच, मऊ आणि अधिक पिवळी झाली. तव्याच्या बुडाखाली बोटभर काजळी साचू लागली. पुन्हा फोन केल्यावर शेगडीच जुनी झाली आहे, नवी घ्या, असा सल्ला मिळाला. शेगडी तेव्हा चार वर्षांची होती.

मामांकडे आम्ही गेलो ते शेजारच्या मागवाल्यांच्या सांगण्यावरून. त्यांचे दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीवर जुन्या शेगड्यांच्या पितळी कॉकच्या, म्हणजे नॉबमागच्या तोट्यांच्या, माळा, एका डब्यात आकारानुसार लावलेले जेट, कोपऱ्यात चाचणीसाठी ठेवलेला एक सिलिंडर. मी शेगडी उचलून नेण्याची तयारी दाखवली, तर ते म्हणाले, “नको ओ आक्का, जिथं जळतीय तिथंच बघू की. इथं आणल्यावर ती चांगलीच जळंल.” त्या वेळी मला हे वाक्य उमगले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, पंखा बंद करायला लावला, खिडकीचा पडदा ओढून खोलीत थोडा अंधार केला, शेगडी पेटवली आणि दहा मिनिटे नुसते समोर बसून राहिले. पिशवीतला पाना त्यांनी त्या दहा मिनिटांत बाहेरही काढला नाही.

त्या दहा मिनिटांत त्यांनी जे पाहिले आणि मला दाखवले, तेच या दुकानाचे खरे वैशिष्ट्य आहे. शेगडीची रचना साधी असते. जेटच्या, मिलिमीटरपेक्षाही लहान भोकातून गॅस जोराने सुटतो, तो आपल्या ओढीने बाजूच्या भोकांतून हवा आत खेचतो, पुढच्या नळीत दोन्ही मिसळतात आणि ते मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन जळते. उरलेली हवा ज्योत आजूबाजूने घेते. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते आणि एक भाग ब्युटेनला सुमारे ३१ भाग. हवेचे प्रमाण जरासे घटले की कार्बन न जळता तापून चमकतो, तो पिवळा शेंडा. आणि थंड भांड्याला लागून तोच बसतो, ती काजळी. म्हणजे पिवळी ज्योत पाहिली की प्रश्न एकच असतो: गॅस जास्त येतो आहे की हवा कमी? आमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

हवा कमी होण्याचे कारण आमच्या गल्लीतच होते. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना टॉवेलचे माग आहेत. सुताचा बारीक तंतू, ज्याला आम्ही कापसाची धूळ म्हणतो, हवेत सतत तरंगत असतो. तो खिडकीच्या जाळीवर बसतो, देव्हाऱ्यावर बसतो, आणि शेगडीखालच्या हवेच्या भोकांतून गॅसच्या ओढीबरोबर आत जाऊन नळीच्या तोंडाशी अडकतो. मामांनी मिश्रणनळी सोडवून तिच्या तोंडावरून राखाडी रंगाचा, तेलकट झालेला, बोटाच्या पेराएवढा बोळा काढला. शेगडी दुकानात नेली असती, तर उचलाउचलीत तो कदाचित हलला असता आणि तिथल्या स्वच्छ हवेत ज्योत निळी दिसली असती. आदल्या दिवशीच्या त्यांच्या वाक्याचा अर्थ हा होता. सेवा केंद्राच्या माणसाने नवे बर्नर त्याच कोंडलेल्या नळ्यांवर बसवले होते.

दुसरे कारण जेट. बसवलेले नवे जेट त्यांनी आपल्या डब्यातल्या सुईने मोजले. ते आमच्या शेगडीला लागणाऱ्या मापापेक्षा मोठे होते. शेगडीच्या रेग्युलेटरमधून गॅस ठरावीक, सुमारे ३० मिलिबार दाबानेच बाहेर येतो, त्यामुळे भोक मोठे केले की तेवढ्याच दाबाने गॅस मात्र जास्त सुटतो आणि हवेचे प्रमाण पुन्हा कोलमडते. ज्योत मोठी दिसते म्हणून गिऱ्हाईक चार दिवस समाधानी राहते. याच कारणासाठी जेट तारेने किंवा शिवणाच्या सुईने कोरू नये, असे त्यांनी मला बजावून सांगितले. पितळ मऊ असते, भोक नकळत रुंदावते आणि पूर्वीच्या मापावर परत येत नाही. जेट साफ करायचा तर रॉकेलमध्ये भिजवून, उलट्या बाजूने फुंकर मारून. मूळ मापाचे दोन जेट, नळ्यांची सफाई आणि हवेच्या भोकांवरच्या पट्टीची जुळणी, या सगळ्याचे त्यांनी तीनशे वीस रुपये घेतले.

पट्टीची जुळणी करताना त्यांनी मला तीनही अवस्था दाखवल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पट्टी बंद करत नेली की ज्योत लांब, लवलवती आणि पिवळी होते. उघडत नेली की ती आखूड, टणक आणि निळी होते, प्रत्येक छिद्रावर आतला शंकू स्पष्ट दिसतो. त्याहूनही जास्त उघडली की ज्योत छिद्र सोडून अधांतरी नाचू लागते, सूं असा आवाज येतो आणि वाऱ्याच्या झुळकीने ती विझते. काही शेगड्यांत ती उलट आत शिरून जेटपाशी जळते आणि बंद करताना फट् असा आवाज होतो. तो आवाज ऐकून अनेक जण सिलिंडर फुटण्याच्या भीतीने घाबरतात. बहुतेक वेळा बर्नरची टोपी धुतल्यानंतर तिरकी बसलेली असते किंवा छिद्रांत पाणी राहिलेले असते, एवढेच त्याचे कारण असते. मात्र टोपी सरळ करूनही ज्योत आत शिरत राहिली, तर नॉब लगेच बंद करावा, कारण आत जळणारी ज्योत नळी आणि कॉक तापवते.

आणखी एक बारकावा आमच्यासारख्या पिठाच्या घरासाठी आहे. ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या चमकतात, त्या पाहून मी दर वेळी घाबरून जात असे. मामांनी हातावरचे ज्वारीचे पीठ चिमूटभर ज्योतीच्या कडेला उडवून दाखवले आणि अगदी तशाच ठिणग्या उठल्या. पिठाचे कण, मिठाचा अंश, उतू गेलेले पाणी यांनी येणारा नारिंगी रंग येतो आणि जातो. त्याने काजळी धरत नाही. पिवळा शेंडा मात्र स्थिर असतो आणि तो टिकून राहिला तर काम थांबवावे. हा फरक मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत इतक्या सोप्या रीतीने सापडला नव्हता.

निघताना त्यांनी सासूबाईंना विचारले की पहाटेच्या कामानंतर डोके दुखते का. त्या हो म्हणाल्या. आम्ही ते धुराचे आणि जागरणाचे समजत होतो. अपुऱ्या ज्वलनातून काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि डोके जड होणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. थंडीच्या दिवसांत आम्ही पहाटे दोन्ही खिडक्या लावून घेत असू. त्या दिवसापासून शेगडीच्या खोलीची वरची झरोक्याची खिडकी आम्ही काम संपेपर्यंत उघडी ठेवतो. सासूबाईंची डोकेदुखी त्या आठवड्यात थांबली. शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने घरच्या माणसांची चौकशी करावी, हे मला त्यांच्या कामाइतकेच मोलाचे वाटते.

दुसऱ्यांदा त्यांना बोलावले ते जानेवारीत. मकर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, असते आणि गड्ड्याच्या त्या दिवसांत आमची मागणी दुपटीने वाढते. मागणी वाढली म्हणून आम्ही अंगणातली मोठी भट्टीही पेटवली होती. तिला धंद्याचा १९ किलोचा निळा सिलिंडर लागतो, घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणे नियमबाह्य आहे, आणि ते तसे वापरणाऱ्यांचे काम मामा घेत नाहीत. पहाटे तासभर भट्टी उत्तम चाले, मग ज्योत हळूहळू बसत जाई. सिलिंडरला हात लावला तर तो बर्फासारखा गार, बाहेरून दवाने भिजलेला. कोणी सांगितले गॅस संपला, कोणी सांगितले गॅसमध्ये पाणी आहे. एकाने सिलिंडर आडवा करा म्हटले, दुसऱ्याने गरम पाणी ओता म्हटले.

मामांनी हे दोन्ही उपाय ऐकून हात जोडले. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वापरात येतो तो त्याची वाफ होऊन. वाफ व्हायला उष्णता लागते, ती द्रव स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. घरच्या शेगडीची ओढ कमी असल्याने बाहेरच्या हवेतून तेवढी उष्णता सहज भरून निघते. मोठ्या भट्टीची ओढ इतकी असते की ती भरून निघत नाही. द्रव गार होतो, त्याचा दाब उतरतो आणि ज्योत बसते. पातळी खाली गेली की द्रवाला लागून असलेला पत्राही कमी उरतो आणि अडचण वाढते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या किंचित खाली असल्याने गार पडलेल्या सिलिंडरमध्ये तो जवळजवळ उकळेनासा होतो. सिलिंडर आडवा केला तर वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये आणि नळीत उतरतो आणि भट्टीतून भडका उडू शकतो. गरम पाण्याने किंवा जाळाने तापवला तर दाब किती चढेल याला धरबंध राहत नाही. योग्य उपाय म्हणजे दोन सिलिंडर एकत्र जोडून ओढ वाटून घेणे.

येथे मला या दुकानाची सर्वांत चांगली बाजू दिसली. दोन सिलिंडरची जोडणी स्वतः करून देऊन त्यांना चांगले पैसे मिळाले असते. त्यांनी ते काम नाकारले. ही जोडणी गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावी, त्यात जास्त दाबाची नळी, झडपा आणि चाचणी लागते आणि ते आपले काम नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या आठवड्यापुरता त्यांनी आम्हाला भट्टी आलटूनपालटून चालवण्याचा आणि अर्ध्याखाली गेलेला सिलिंडर घाईच्या वेळी न लावण्याचा सल्ला दिला. यात्रा निभावली. जोडणी आम्ही फेब्रुवारीत करून घेतली.

तिसरा प्रसंग माझ्या मुलीच्या घरचा, जुळे सोलापूर भागातला. तिच्याकडे ओट्यात बसवलेली आधुनिक शेगडी आहे. नॉब दाबून धरला की पेटायची, सोडला की विझायची. विक्रेत्याच्या माणसाने आतला संपूर्ण झडपसंच बदलावा लागेल असे सांगितले होते. अशा शेगडीत ज्योतीशेजारी एक बारीक दांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. तापली की तिच्यात काही मिलिव्होल्ट इतकी अल्प वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर आतले छोटे विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवते. ज्योत वाऱ्याने विझली तर दांडी गार होते आणि गॅस आपोआप बंद होतो. मुलीच्या शेगडीत दूध उतू जाऊन दांडीच्या टोकावर करपलेला थर बसला होता, त्यामुळे ती तापतच नव्हती. मामांनी बारीक पॉलिश कागदाने टोक घासले, दांडी ज्योतीत नीट येईल इतकी सरळ केली, मागच्या जोडाची चकती घट्ट केली, आणि शेगडी पेटती राहिली. घेतले शंभर रुपये. मुलीने ती सोयच काढून टाकता येईल का असे विचारले, तेव्हा मात्र त्यांनी ठाम नकार दिला, आणि तो योग्यच होता.

वासाच्या तक्रारीविषयी थोडक्यात सांगते. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात; आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने. काडी ओढून कधीही नाही. आमच्या शेजारणीकडे मामांनी फेस लावून पाहिला, तर बुडबुडे आले ते कॉकच्या दांडीपाशी, कारण आतले ग्रीस वाळले होते. पण तिची रबरी नळी जुनी, साधी, भेगा पडलेली होती. आयएसआय खुणेची, आत तारेची वीण असलेली नारिंगी सुरक्षा नळी बसवल्याशिवाय कॉकला हात लावणार नाही, असे म्हणून ते परत गेले. अशी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. शेजारीण त्या दिवशी रागावली होती. नळी बदलल्यावर त्यांनी येऊन काम पूर्ण केले.

आता उणिवा. मामा पावती देत नाहीत आणि कामाची हमी तोंडी असते. धंद्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे अडचणीचे आहे आणि मी त्यांना ते दोनदा सांगितले आहे. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, प्रत्यक्ष जाऊन सांगावे लागते. यात्रेच्या दिवसांत त्यांनी दिलेली वेळ दोन दिवस पुढे गेली, आणि त्या दोन दिवसांत आमच्या शंभरेक भाकऱ्या वाया गेल्या. आमच्या शेगडीला त्यांनी बसवलेला एक नॉब मूळ कंपनीचा नव्हता. तो तीन आठवड्यांत सैल झाला. तक्रार केल्यावर त्यांनी तो विनामूल्य बदलला, पण पहिल्यांदाच मूळ भागाविषयी विचारायला हवे होते. गॅस गिझरचे काम ते अजिबात घेत नाहीत. सोलापूरच्या जड पाण्याने गिझरच्या नळ्यांत क्षार बसतो, पाण्याचा दाबही कमी असतो, त्यामुळे ही तक्रार इथे घरोघरी आहे. त्यासाठी दुसरा माणूस शोधावा लागतो. हमी लेखी हवी असेल, किंवा शेगडी अजून कंपनीच्या हमीच्या मुदतीत असेल, तर आधी कंपनीकडेच जावे, असे मीही म्हणेन. मात्र आलेल्या माणसाला शेगडी पेटवून दाखवावी आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. आमच्याकडून काढलेले जुने जेट मी मागितले असते, तर माप बदलल्याचे त्याच दिवशी लक्षात आले असते.

अंगणातली भट्टी पावसाळ्यात बंद होती. श्रावणात ती पेटवायला गेलो, तर एक बर्नर अर्धाच जळू लागला. मामांनी नळी उघडली, तर आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि त्यामागे कोळ्याचे जाळे. बंद ठेवलेल्या बर्नरमध्ये हे नेहमी सापडते असे ते म्हणाले आणि सफाईचे पन्नास रुपये घेऊन गेले. यंदा यात्रेची मागणी सुरू होण्याआधी, मार्गशीर्षातच, दोन्ही शेगड्या आणि भट्टी त्यांना दाखवून घ्यायचे मी ठरवले आहे. तोवर भट्टीचा गॅस काढून ठेवला आहे, नळ्यांच्या तोंडाला त्यांच्या सांगण्याप्रमाणे फडके बांधले आहे, आणि पेटवण्यापूर्वी ते सोडायचे हे सासूबाईंनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे.